सोनेरी टोकाची तार
टीव्ही घेताना दुकानदाराने मला सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल दाखवली. म्हणाला, “चित्र खुलेल.” मला जुनी हकिगत आठवली. एकेकाळी लोक स्पीकरला दिव्याची साधी वायर जोडत. १९७९ मध्ये अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली, आणि तारेचीही प्रतिष्ठा वाढली. २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची केबल नुसत्या कानांनी ओळखणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले. ती परीक्षा झालीच नाही! लांब अंतराला जाड तार हवी, हे खरे. पण एचडीएमआयमधून धावतात शून्य आणि एक. ते बिनचूक पोचले की चित्र तेच. मुलाम्याने फक्त गंज टळतो. मी साधीच केबल घेतली. चित्र झकास आहे.