पेशंट तपासून उरलेल्या वेळात

जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९५० साली ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसची पाहणी करून ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल छापला. तो वाचून तिथल्या फॅमिली डॉक्टरांची मान खाली गेली. सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. गर्दी वाढली होती, अनेक दवाखाने कोंदट आणि अपुरे होते, आणि नोंदींच्या नावाने बऱ्याच ठिकाणी आनंदच होता. पुढे १९५८ मध्ये लॉर्ड मोरान या चर्चिलच्या डॉक्टरांनी तर शाही आयोगासमोर सांगून टाकलं, की हॉस्पिटलच्या शिडीवरून जे घसरतात ते जनरल प्रॅक्टिसमध्ये जातात. स्पेशालिस्ट मंडळींचा एकूण सूर हा असा होता.

या वातावरणात जॉन हंट आणि फ्रेझर रोझ या दोन डॉक्टरांनी १९५१ मध्ये फॅमिली डॉक्टरांचं स्वतःचं कॉलेज हवं, अशी जाहीर मागणी केली. लंडनच्या जुन्या शाही कॉलेजांना ती रुचली नाही. आमच्या पंखाखाली एखादी शाखा काढा, असा त्यांचा सल्ला होता. माजी आरोग्यमंत्री हेन्री विलिंक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती गुपचूप कामाला लागली आणि १९ नोव्हेंबर १९५२ रोजी कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स कागदोपत्री अस्तित्वात आलं. बातमी नंतर फुटली. नावामागे ‘रॉयल’ लागायला १९६७ साल उजाडलं.

पहिले अध्यक्ष म्हणून विल्यम पिकल्स यांना निवडलं, यात संस्थेची दिशा दिसते. पिकल्स यॉर्कशायरच्या वेन्सलीडेल खोऱ्यात, एसगार्थ गावी प्रॅक्टिस करत. जेम्स मॅकेन्झी या बर्नलीच्या जनरल प्रॅक्टिशनरने पेशंट बघता बघता हृदयविकारांवर मूलगामी काम केलं होतं. त्यांचं पुस्तक वाचून पिकल्सनी पन्नाशीकडे झुकताना नोंदी ठेवायला सुरुवात केली. दिवसाला एक चौकोन, आजाराला एक खूण. तक्ते भरायला घरची मंडळी मदतीला.

१९२९ मध्ये खोऱ्यात काविळीची साथ आली. एका गावच्या जत्रेच्या दिवशी सकाळी ते कावीळ झालेल्या एका मुलीला तपासून आले होते. ती अंथरुणातच राहील असं त्यांनी गृहीत धरलं. दुपारी बाई जत्रेत हजर! महिनाभराने तिच्या संपर्कातली माणसं पिवळी पडू लागली. खोऱ्यात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस डॉक्टरला माहीत, त्यामुळे कोण कोणाला कधी भेटलं याचा माग काढता आला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस लागतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला हे जमलं नसतं, कारण तिथे पेशंट आजार घेऊन येतो, गाव घेऊन येत नाही. ‘एपिडेमिऑलॉजी इन कंट्री प्रॅक्टिस’ हे त्यांचं पुस्तक १९३९ साली आलं.

एकट्या पिकल्सच्या चिकाटीवर संस्था चालत नाही. कॉलेजने लगोलग संशोधन समिती नेमली. ज्यांना हौस आहे अशा डॉक्टरांची यादी केली आणि आपसात कामाची बातमी पोचवायला छोटं वार्तापत्र काढलं. आजच्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’चं मूळ त्यात आहे. फेलोशिप, पगार, रजा असलं काहीच नव्हतं. शिकवण म्हणजे वही कशी ठेवायची ते शिकवणं. आयमर्ल नावाच्या डॉक्टरने बेतलेली ‘ई-बुक’ त्या काळी गाजली. सुट्या पानांचं जाडजूड बाड; प्रत्येक रोगाला वेगळं पान. निदान झालं की त्या पानावर पेशंटचं नाव आणि जन्मसाल चढवायचं. वर्षअखेर पान उघडलं की आपल्याकडे मधुमेहाचे किती, दम्याचे किती, हे समोर. जोडीला वय आणि लिंगवार सगळ्या नोंदणीकृत पेशंटांची यादी, म्हणजे किती जणांमागे किती, हेही कळे. संशोधनाचं अर्धं शिक्षण या दोन वह्यांत होतं, असं मला वाटतं.

वह्या एकत्र करण्याचं काम कॉलेजच्या बर्मिंगहॅममधल्या केंद्राने उचललं. निवडक दवाखान्यांनी दर आठवड्याला आजारांचे आकडे कळवायचे, ही पद्धत साठच्या दशकात बसली आणि आजही ती चालू आहे. फ्लूचा हंगाम सुरू झाला की नाही, हे ब्रिटनला या दवाखान्यांकडून कळतं.

कॉलेजच्या खात्यावरचं सर्वांत मोठं काम मात्र गर्भनिरोधक गोळ्यांचं. गोळी नवी होती, तिच्या धोक्यांबद्दल कुजबुज होती, आणि निरोगी तरुण स्त्रिया हॉस्पिटलात येतच नाहीत, मग त्यांचा माग ठेवणार कोण? क्लिफर्ड के या मँचेस्टरच्या डॉक्टरच्या पुढाकाराने १९६८ मध्ये सुमारे १४०० फॅमिली डॉक्टरांनी ४६ हजारांच्या आसपास स्त्रियांची नोंद केली. निम्म्या गोळी घेणाऱ्या, निम्म्या न घेणाऱ्या. दर सहा महिन्यांनी प्रत्येकीची माहिती डॉक्टरने भरून पाठवायची. १९७४ मध्ये पहिला मोठा अहवाल आला. पाठपुरावा चालूच राहिला आणि २०१० मध्ये, जवळजवळ चार दशकांच्या आकड्यांवरून, गोळी घेतलेल्या स्त्रियांचं एकूण मृत्युप्रमाण इतरांपेक्षा जास्त नाही, असं निष्पन्न झालं. त्या १४०० जणांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही शोधनिबंधावर नाही.

दरम्यान विद्यापीठांची दारं किलकिली झाली. एडिंबरोने १९६३ मध्ये रिचर्ड स्कॉट यांना जनरल प्रॅक्टिसचं प्राध्यापकपद दिलं. जगातलं असं पहिलंच. मॅकेन्झींच्या बर्नलीतच जन्मलेले इयन मॅकव्हिनी १९६८ मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात गेले, तिथले पहिले फॅमिली मेडिसिनचे प्राध्यापक झाले आणि या शाखेला तिचं तत्त्वज्ञान दिलं. वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावी ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी गावातल्या झाडून सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजला. ज्यांना उपचारांची गरज जास्त त्यांनाच ते कमी मिळतात, हा त्यांचा १९७१ चा ‘उलट्या सेवेचा नियम’ वैद्यकातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

तरी वेळेचा प्रश्न सुटला नव्हता. संशोधन पेशंट संपल्यावर, रात्री, घरच्यांच्या वेळातून. डेव्हिड मँट यांच्या गटाने १९९७ मध्ये आणि मार्क वॉलपोर्ट यांच्या समितीने २००५ मध्ये संशोधक डॉक्टर घडवण्यासाठी पैसा आणि रचना मागितली. २००६ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ रिसर्च उभी राहिली आणि फेलोशिप खऱ्या अर्थाने हाती आली. फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला एक वर्ष जोडायचं आणि शेवटची दोन वर्षं अर्धा वेळ दवाखाना, अर्धा वेळ विद्यापीठ. प्रॅक्टिस करत असलेल्यांसाठीही अर्धवेळ फेलोशिप निघाली. त्यात प्रश्न नेमका कसा मांडायचा, किती पेशंट लागतील, नीतिसमितीची परवानगी, अनुदानाचा अर्ज, हे सगळं कोणाच्या तरी हाताखाली शिकायला मिळतं. पण मोठी गोष्ट म्हणजे त्या वेळात दुसरा डॉक्टर ओपीडी सांभाळतो.

त्याचं फळ करोनात दिसलं. ऑक्सफर्डच्या ‘प्रिन्सिपल’ चाचणीत घरीच असलेल्या रुग्णांवर औषधं तपासली गेली. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिनने फायदा होत नाही हे तिने दाखवलं. ओढायच्या ब्युडेसोनाइडने बरं होण्याचा काळ काही दिवसांनी घटला. त्याच सुमारास आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर पहिली दोन औषधं हटकून असत.

एक खटकतं. फेलोशिपमुळे संशोधक वेगळे आणि नुसते पेशंट पाहणारे वेगळे, अशी विभागणी झाली. १४०० साध्या डॉक्टरांनी मिळून एक प्रश्न सोडवावा, ही पहिल्या पिढीची कमाई होती. ती गमावून फेलोशिप मिळवली असेल, तर सौदा महागात पडला.

आपल्याकडे पेशंट ब्रिटनसारखा एका डॉक्टरकडे नोंदलेला नसतो. आज इथे, उद्या तिथे, परवा थेट मेडिकलवाल्याकडे. त्यामुळे किती जणांमागे किती, हे काढणं अवघड. पण सगळ्या प्रश्नांना ते लागत नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचू चावलेल्या पेशंटांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. प्राझोसिनने जीव वाचतात हे त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं काम ‘लॅन्सेट’पर्यंत पोचलं. तेव्हा कोणती फेलोशिप होती?

म्हणून जिल्ह्या-तालुक्यांच्या डॉक्टर संघटनांना विनंती आहे. औषध कंपनीच्या खर्चाने हॉटेलात होणाऱ्या सीएमईंपैकी, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणसत्रांपैकी, एक संध्याकाळ या कामाला द्या. डेंगी घ्या, सर्पदंश घ्या, नाहीतर लहान मुलांचा खोकला घ्या. सगळ्यांनी मिळून एकच आजार, एकाच नमुन्याच्या वहीत, वर्षभर लिहा. जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागाकडे आकडेवारी जाणणारा माणूस मागा, महिन्यातून एकदा. फेलोशिपचा अर्ज सरकारकडे त्यानंतर करू, सोबत भरलेल्या वह्या जोडून.