परवचा, कित्ता आणि निबंध

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले, मुलांची नावे तेथील शाळेत दाखल झाली, म्हणजे थोड्याच दिवसांत गृहपाठाच्या वह्या घरात दिसू लागतात. कोठे हिंदी, कोठे बंगाली, कोठे तेलुगू. मराठीचा धडा मात्र घरीच, वडीलधाऱ्यांच्या सवडीने व्हावयाचा. या वह्या पाहून आमच्यापैकी पुष्कळांचा असा समज होतो की, गृहपाठ ही इंग्रजी शाळेची देणगी होय. शब्द नवा आहे खरा, पण चाल जुनी आहे. तिन्हीसांजा दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी असा परवचा मोठ्याने म्हणावयाचा, हा आमच्या पूर्वजांचा गृहपाठच नव्हे काय?

पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, हात वळला की बोरू आणि कागद हाती यावयाचा, आणि मग मोडीचे वळण घटवीत बसावयाचे. वाचावयास जुनी पत्रे व पोथ्या. लिहावयाचे म्हणजे कित्ता उतरावयाचा, अथवा कोणास कोणता मायना लावावा हे पाठ करून त्याप्रमाणे पत्र उभे करावयाचे. या पद्धतीची थट्टा करण्याची आमच्याकडे फॅशन आहे. परंतु पेशवे दप्तरातील रुमालांवर रुमाल ज्या हातांनी भरले, ते हात याच धूळपाटीवर वळलेले होते हे विसरून चालत नाही. तिच्यातील उणीव निराळीच होती. परवच्यास कंठ लागे, कित्त्यास हात लागे. मुलाला स्वतःस काय वाटते हे लिहून दाखव, असे मात्र त्याला कोणी म्हणत नसे. शिवाय त्या ओट्यावर बसावयास कोण मिळे, हाही प्रश्न होताच.

छापील मराठी पाठ्यपुस्तकाचा जन्म महाराष्ट्राबाहेर झाला, हे आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. 1800 साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे नवशिक्या इंग्रज अंमलदारांस देशी भाषा शिकवीत असत, आणि मराठी शिकविण्याचे काम विल्यम कॅरी यांच्याकडे होते. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी केलेले मराठीचे व्याकरण 1805 साली श्रीरामपुरास छापले गेले. पुढे 1814 साली तेथूनच मोडी टाइपात ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली. म्हणजे मराठी छापील धडा प्रथम गिरविला तो घरापासून दूर नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी! लहान मुलांची आठवण झाली ती तंजावरास. सरफोजी राजांच्या छापखान्यातून इसापाच्या गोष्टींचे सख्खण पंडितांनी केलेले मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने त्याच शतकाच्या पहिल्या दशकात निघाले.

मुंबई इलाख्यात या कामास वेग आला तो एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत. 1823 च्या आपल्या टिपणात देशी शाळांची सुधारणा व देशी भाषांतील पुस्तके यांवर त्यांनी भर दिला. पुढल्या पिढीत बाळशास्त्री जांभेकर यांनी शाळांकरिता पुस्तके लिहिली. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण 1836 साली निघाले. आणि मराठीत विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय मेजर कँडी यांना देतात. आज मुलाच्या वहीत पूर्णविराम सुटला की आपण तांबडी खूण करतो, पण आपल्या पणजोबांच्या पत्रांत ते चिन्ह शोधू गेल्यास हाती लागणार नाही.

पुस्तके आली, इयत्ता आल्या, तरी शाळेतील लेखन पुष्कळसे कित्त्याचेच राहिले. म्हणूनच 1855 सालच्या एका निबंधाकडे आमचे लक्ष पुनःपुन्हा जाते. जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यास मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ताबाई ही मांग जातीची, सुमारे चौदा वर्षांची मुलगी. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि ‘ज्ञानोदय’ पत्राने तो फेब्रुवारी व मार्च 1855 च्या अंकांत छापला. आज ज्या वयाची मुले माध्यमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांत ‘माझा आवडता ऋतू’ लिहितात, त्या वयाचे हे लेखन आहे.

निबंधाची मांडणी पाहण्याजोगी आहे. वेद ही केवळ आमचीच मिरास, असे ब्राह्मण म्हणतात. मग आम्हांस धर्मपुस्तक नाही हे उघड आहे, आणि पुस्तक नाही तर आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल. हे तर्कशास्त्र तिला कोणत्याही कित्त्यात सापडले नसणार. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे, तालीमखान्यापुढून गेल्यास गुलटेकडीच्या मैदानात डोक्यांचा चेंडू करून खेळलेला खेळ, उघड्यावर पावसात बाळंत होणाऱ्या बाया, हे सारे ती एकामागून एक सांगत जाते. बाजीरावाच्या अमदानीविषयी तिने लिहिलेला एक मुद्दा दप्तरात जन्म घालविणाऱ्या आम्हां मंडळींस बोचल्याशिवाय राहू नये. मांगमहारांपैकी कोणास वाचता येऊ लागले, तर हे आता ब्राह्मणांची दप्तरे घेणार काय, असा रोष होई, असे ती म्हणते. वाचणे आणि दप्तर यांचा संबंध त्या मुलीस पूर्ण कळलेला होता. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून शिका म्हणून विनविते. इंग्रजी अमलाविषयी तिने काढलेले कृतज्ञतेचे उद्गार आज काहींस खटकतात. पण ज्याच्या राज्यात शाळेची पायरी प्रथम चढावयास मिळाली, त्याच्याविषयी तिने दुसरे काय लिहावयाचे होते?

ज्यांस आपण मराठी गद्याचे युग म्हणतो, त्या विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ याहून एकोणीस वर्षांनी, 1874 साली, सुरू झाली. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत निबंधाचे नमुने म्हणून काय घेतले गेले आणि काय राहून गेले, याचा हिशेब एकदा कोणी करावा असे आम्हांस वाटते.

1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले आहे: मोडी व बालबोध यांचे वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे काही धडे. बालबोधाबरोबर मोडीचा आग्रह का, हे गावचा व्यवहार जाणणाऱ्यास सांगावयास नको. सावकाराचे खत आणि कुलकर्ण्याचा कागद मोडीत असे. ज्याला तो वाचता येत नसे, त्याला दुसरा वाचून दाखवील ते खरे मानून अंगठा उठवावा लागे. पुढच्या वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात या नाडणुकीचे वर्णन विस्ताराने आले आहे.

ती मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली, आणि मुलांच्या मागचा एक गृहपाठ कमी झाला. त्याबरोबर आजोबांचे खरेदीखत नातवास परके झाले. अलीकडे महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्यामार्फत मोडीचे वर्ग भरतात. तेथे पदवीधर मंडळीही येतात, आणि आरंभ अक्षरे गिरविण्यापासूनच करावा लागतो.