तैवानच्या प्रेमकथेंतील अडसर

आरंभींच एक कबुली देऊन टाकतों. ज्या कथेच्या शेवटीं तीं दोघें एकमेकांना भेटतात, ती कथा मला आवडते. वय झालें, केस पिकले, तरी ही आवड कांहीं गेली नाहीं. घरांतली तरुण मंडळी तैवानची एखादी मालिका लावून बसली म्हणजे मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतों आणि त्याच्या कडेवरून पडद्याकडे पाहतों. माझ्या एका स्नेह्यांनीं मला या अवस्थेंत पकडलें. “इतिहासाचीं जाडजूड पुस्तकें वाचणारे तुम्ही, आणि हा साखरेचा पाक तुम्हांला गोड लागतो तरी कसा?” असा त्यांचा सवाल होता. त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. तें शोधण्याच्या खटपटींतूनच आजचें हें भाषण तयार झालें आहे.

कोणतीहि प्रेमकथा घ्या. तींत दोन माणसें असतात आणि त्यांच्या मध्यें एक अडसर असतो. माणसें बहुतेक सर्वत्र सारखींच. अडसर मात्र त्या त्या देशाचा आणि त्या त्या काळाचा असतो. तो कोणी घातला आणि कोणाला काढतां आला, एवढें पाहिलें तरी त्या समाजाचें अंतरंग बरेंचसें उघडें होतें. तैवानच्या गोड कथांकडे मी असा पाहूं लागलों, तेव्हां त्या बेटाचा साठ वर्षांचा इतिहास त्यांत मला दिसूं लागला.

तैवान हें चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोरचें बेट. १८९५ पासून १९४५ पर्यंत तें जपानच्या ताब्यांत होतें. १९४९ सालीं चीनमधील यादवी युद्धांत हरलेलें चिआंग कै-शेक यांचें सरकार तेथें आलें, आणि त्याच्या मागोमाग दहा लाखांहून अधिक माणसें समुद्र ओलांडून आलीं. त्यांत सैनिक होते, कारकून होते, प्राध्यापक होते. कित्येकांच्या बायका, मुलें आणि आईबाप पलीकडच्या किनाऱ्यावरच राहिलीं. चारदोन वर्षांत परत जाऊं, अशी सर्वांची समजूत होती. पण ती वाट बंद झाली ती जवळजवळ चाळीस वर्षें उघडली नाहीं. २० मे १९४९ रोजीं पुकारलेला लष्करी कायदा १५ जुलै १९८७ रोजीं उठला. तोंपर्यंत काय छापावें, काय गावें, कोणत्या भाषेंत बोलावें, या सर्वांवर सरकारची करडी नजर होती.

या निर्वासितांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा जन्म १९३८ सालीं चेंगडू येथें झाला होता, आणि तिचें बालपण जपानी सैन्यापुढून पळण्यांतच गेलें होतें. तैपेईंत तिचे वडील प्राध्यापक झाले. मुलगी शाळेंत हुशार नव्हती. गणितांत तर अगदींच कच्ची. शेवटच्या वर्षीं ती आपल्या भाषाशिक्षकाच्या प्रेमांत पडली. तो तिच्याहून पंचवीस वर्षांनीं मोठा होता. आईबापांनीं तें प्रकरण मोडून काढलें. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत ती दोनदां नापास झाली. १९६३ सालीं याच अनुभवावर तिनें ‘खिडकीबाहेर’ ही कादंबरी लिहिली आणि ‘मुकुट’ या मासिकाच्या संपादकांनीं ती प्रसिद्ध केली. छ्युंग याओ हें तिचें टोपणनांव. पुढें त्या नांवानें साठांहून अधिक पुस्तकें निघालीं, आणि त्या संपादकांशींच १९७९ सालीं तिचा विवाह झाला. हें दुसरें प्रकरण तिच्या कादंबऱ्यांतल्या कोणत्याहि प्रकरणाइतकेंच सुरस आहे, पण त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

‘खिडकीबाहेर’चा शेवट गोड नाहीं. माझ्यासारख्याला तो खुपावा असाच आहे. शिक्षकाला शाळा सोडावी लागते. मुलीचा विवाह दुसऱ्याशीं होतो. पुढें ती दक्षिणेकडे त्याला शोधीत जाते, तों तिला एक व्यसनी, खचलेला, अकालीं म्हातारा झालेला माणूस दिसतो. यांत अडसर आईचा आहे, हें वरवर दिसतेंच. परंतु ही आई खाष्ट नाहीं. ती निर्वासित आहे. घर गेलें, शेतवाडी गेली, नातींगोतीं तुटलीं. आतां मुलांच्या परीक्षा हेंच काय तें भांडवल तिच्यापाशीं उरलें आहे, आणि तेंच मुलगी उधळून टाकीत आहे. शिक्षकहि तसाच, पत्नी गमावलेला, भाड्याच्या खोलींत दिवस काढणारा. मुलीच्या आणि त्याच्यामध्यें जें उभें आहे, तें निम्मेंअधिक १९४९ साल आहे. कादंबरींत राजकारणाची चर्चा नाहीं. त्या काळीं ती करण्याची सोयहि नव्हती.

विद्वानांनीं नाकें मुरडलीं. ली आओ या तिखट लेखकानें १९६५ सालीं तिच्यावर झोडपणारा लेख लिहिला. अश्रूंच्या या साहित्यानें तरुण मुलींना जुन्या, कोंदट जगांतच ठेविलें, असा त्याचा रोख होता. त्यांत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. छ्युंग याओच्या नायिका फार रडतात, आणि कित्येकदां उगीचच रडतात. परंतु ली आओला जें जग मोडावयाचें होतें तें उघड्या लेखानें मोडतां येण्याजोगें नव्हतें. १९७१ सालीं त्याला स्वतःलाच अटक झाली. उलट ‘खिडकीबाहेर’ भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या दुकानांतून हातोहात फिरत राहिली. १९६६ सालीं काओशुंग बंदरांत निर्यातीसाठीं कारखान्यांची खास वसाहत उभी राहिली, आणि खेड्यांतून हजारों मुली तेथें कामाला आल्या. त्यांनीं स्वतःच्या पगाराच्या पैशांनीं या कादंबऱ्या वाचल्या. आईचें न ऐकणारी मुलगी दोषी असली तरी तिचेंहि कांहीं म्हणणें असूं शकतें, एवढें त्यांना त्या पानांतून कळलें असेल, तर तें कमी नाहीं.

सत्तरीच्या दशकांत या कादंबऱ्यांचे चित्रपट निघाले. त्यांना तैवानांत थट्टेनें ‘तीन दालनांचे चित्रपट’ म्हणत. कारण सारी कथा दिवाणखाना, जेवणघर आणि कॉफीगृह यांतच घडे. ‘खिडकीबाहेर’च्या १९७३ सालच्या चित्रपटांत लिन छिंग-श्या ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी प्रथम चमकली, पुढें ती सबंध चिनीभाषी जगाची लाडकी नटी झाली. या चित्रपटांच्या दालनांत राजकारण कधीं शिरत नाहीं. १९७१ सालीं तैवानचें संयुक्त राष्ट्रसंघांतील स्थान गेलें, १९७९ सालीं अमेरिकेनें राजनैतिक संबंध तोडले. पण कॉफीच्या पेल्यावर त्याचा तरंगहि उठत नाहीं. मला यांत पळपुटेपणापेक्षां सावधपणा अधिक दिसतो.

दूरचित्रवाणीचा आरंभ तेथें १० ऑक्टोबर १९६२ रोजीं झाला. पुढें तीस वर्षें वाहिन्या तीनच होत्या: एक प्रांतिक सरकारच्या हातांतली, दुसरी सत्ताधारी पक्षाची, तिसरी संरक्षण व शिक्षण या दोन खात्यांची. या तिसऱ्या वाहिनीवर १९८६ सालीं छ्युंग याओच्या एका जुन्या कादंबरीची मालिका आली. तिचें नांव मराठींत ‘कितीदां सूर्य मावळला’ असें कांहींसें होईल. कथा अशी: तैपेईंतील एक तरुणी एका तरुणाच्या प्रेमांत पडते. पुढें कळतें कीं, त्या तरुणाचा मामा म्हणजे तिच्या आईचा युद्धकाळांतला, चुंगकिंगमधला प्रियकर. एका गैरसमजामुळें तीं दोघें तेव्हां दुरावलीं. आतां दोघेंहि समुद्राच्या अलीकडे आहेत, आणि मुलांच्या विवाहाआड वीस वर्षांपूर्वींचें तें शहर येऊन उभें राहिलें आहे.

ही मालिका फार गाजली. ज्या घरांत ती पाहिली जात होती, त्यांतल्या कित्येक घरांत एखादा म्हातारा असा होता, कीं ज्याची पहिली बायको पलीकडे आहे ही गोष्ट कोणी मोठ्यानें बोलत नसे. नोव्हेंबर १९८७ मध्यें सरकारनें आप्तांच्या भेटीसाठीं चीनमध्यें जाण्याची परवानगी दिली. अडतीस वर्षांनीं माणसें गेलीं. कोणाची बायको वाट पाहत राहिलेली, कोणाची पुनर्विवाह करून आजी झालेली, कोणाच्या आईची नुसती समाधि. छ्युंग याओहि १९८८ सालीं गेली. त्यानंतर तिनें आपल्या मालिकांचें चित्रण चीनमध्यें नेलें, आणि १९९८ सालीं ‘ह्वानचू राजकन्या’ दाखविली गेली, तेव्हां तैवान आणि चीन या दोन्हीकडे रस्ते ओस पडावेत इतकी ती लोकप्रिय झाली. लोकांना त्यांतली ‘पाकोळी’ नांवाची दांडगट, अशिक्षित, हंसरी पोर आवडली. तिला चुकून बादशहा छ्येनलुंगची कन्या समजतात आणि राजवाड्याचे सारे नियम ती धाब्यावर बसविते. मला मात्र त्या कथेंतली एक स्त्री आठवत राहते, जी पडद्यावर जवळजवळ येतच नाहीं. खऱ्या राजकन्येची ही आई. चीनान येथील ताम्मिंग सरोवराकांठीं बादशहानें तिला वचन दिलें, आणि ती जन्मभर त्याची वाट पाहत राहिली. अठराव्या शतकाच्या पोषाखांतली ही हंसरी कथा कोठून आली आहे, हें सांगावयास नको.

नव्वदीच्या दशकांत तारांच्या आणि उपग्रहाच्या वाहिन्या आल्या. ज्या स्टार कंपनीनें १९९१-९२ च्या सुमारास हाँगकाँगहून आपल्या मुंबई-पुण्याच्या घरांत अमेरिकन मालिका आणून सोडल्या, तिनेंच चिनीभाषी घरांत जपानी प्रेममालिका पोंचविल्या. १९७२ सालीं जपाननें तैवानशीं संबंध तोडल्यापासून तेथें जपानी कार्यक्रमांना बंदी होती. ती १९९३ च्या अखेरीस उठली. या मालिका पाहूनच तैवानी निर्माते धीट झाले, आणि १२ एप्रिल २००१ रोजीं ‘उल्का-उद्यान’ सुरू झाली. मूळ कथा योको कामिओ या लेखिकेच्या जपानी चित्रकथेची. तिच्या नांवांत एक गंमत आहे. फुलांपेक्षां गोड उंडे बरे, अशी जपानी म्हण आहे. लेखिकेनें उंड्यांच्या जागीं ‘मुलगे’ हीं अक्षरें घातलीं, उच्चार तोच ठेवून. नायिकेचें मूळ नांव त्सुकुशी, म्हणजे रानांत उगवणारी, कितीहि तुडविली तरी वर येणारी एक वनस्पति.

या कथेंत अडसर पैशाचा आहे. श्रीमंतांच्या विद्यालयांत शिकणारी ही गरीब मुलगी चार उन्मत्त धनिकपुत्रांना उभी तोंड देते. तिचे आईबाप तिला मुळींच अडवीत नाहींत. उलट ती श्रीमंताघरीं पडावी म्हणून तेच उतावीळ झालेले. अडविते ती मुलाची आई, एका अवाढव्य उद्योगाची मालकीण. छ्युंग याओच्या जगांतली आई परीक्षेसाठीं झगडत होती. ही आई धंद्यासाठीं झगडते. आणि साल कोणतें? २००० सालीं मतपेटींतून प्रथमच सत्तांतर झालें होतें, तरी २००१ सालीं, अनेक दशकांत पहिल्यांदाच, तैवानचें राष्ट्रीय उत्पन्न वाढण्याऐवजीं घटलें होतें. पन्नास वर्षें कष्ट केले कीं वर जातां येतें ही श्रद्धा डळमळली, तेव्हां मुली रानगवताच्या बाजूनें उभ्या राहिल्या. इंडोनेशिया आणि फिलिपाईन्स बेटांतहि मालिकेनें वेड लाविलें. चीन सरकारनें २००२ सालीं ती तरुणांना बिघडविणारी म्हणून थांबविली. तरी ती चोरून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर सर्वत्र पोंचली.

पुढच्या दहा वर्षांत अशा मालिकांचें पीक आलें. सारख्याच गोडीच्या त्या मालिकांतल्या पुष्कळ मीं अर्ध्यावर सोडल्या. एक मात्र सांगितली पाहिजे: २०११ सालची, जिचें नांव ‘कदाचित् मी तुझ्यावर प्रेम करणार नाहीं’ असें होतें. शाळेपासूनचे दोन मित्र, एक स्त्री आणि एक पुरुष, तिशीला पोंचले आहेत. पस्तिशीच्या आंत कोणाचें लग्न आधीं होतें यावर त्यांची पैज लागली आहे. दोघेंहि मिळवतीं, घरच्यांचा विरोध नाहीं, पैशाचा प्रश्न नाहीं, युद्ध नाहीं. अडसर कोठेंच नाहीं, आणि तरी तेरा भाग तीं एकमेकांभोंवतीं नुसतीं फिरत राहतात. कारण मैत्री हातची घालवून प्रेमाचा जुगार खेळावा कीं नाहीं, हेंच त्यांना ठरवितां येत नाहीं. २०१० सालीं तैवानांत एका स्त्रीमागें सरासरी अपत्यांचें प्रमाण ०.९ इतकें उतरलें होतें. त्या वर्षीं जगांत तें जवळजवळ सर्वांत खालचें. पडद्यावर प्रेम ऊतू जात होतें, आणि घरांत पाळणे हलेनासे झाले होते. जुन्या अडसरांशीं लढतांना कोणाशीं लढावयाचें हें तरी ठाऊक असे.

अलीकडची एक मालिका २०१९ ची: ‘तुला भेटावयाचें आहे’. तिच्यांत नायिकेचा प्रियकर मेलेला आहे. एका जुन्या ध्वनिफितीवरचें गाणें ऐकतां ऐकतां ती १९९८ सालांत, तैनान नगरांतल्या एका अबोल शाळकरी मुलीच्या देहांत जागी होते. आतां दोघांच्या मध्यें काळच आडवा आला. जें साल तिनें गांठलें, तें ‘ह्वानचू राजकन्या’चें साल आहे, हा योगायोग असावा, पण तो मला आवडला.

छ्युंग याओ डिसेंबर २०२४ मध्यें, शहाऐंशीव्या वर्षीं वारली. ‘उल्का-उद्यान’ची नायिका बार्बी शू त्यानंतर दोनच महिन्यांनीं, जपानमध्यें प्रवासाला गेली असतां, तापाचें निमित्त होऊन निवर्तली, ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. त्या आठवड्यांत आमच्या घरीं ‘उल्का-उद्यान’चे जुने भाग पुन्हां लागले, आणि मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून ते पाहिले.

माझे ते स्नेही परवां पुन्हां आले होते. त्या वेळीं ‘तुला भेटावयाचें आहे’चा तिसरा भाग चालू होता. दारांतच उभे राहून त्यांनीं कांहीं वेळ पाहिलें आणि जरा त्रासिकपणें विचारलें, “पण गाणें लागलें कीं ती मागें जाते, तें कसें?” मीं त्यांना खुर्ची दिली आणि पहिला भाग पुन्हां लावावयास सांगितलें.