अडकलेला काटा आणि बहात्तरचा दुष्काळ

पोस्ट थोडी लांब आहे. बिनसाखरेचा चहा घेऊन बसा.

चौदा महिन्यांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. स्लीव्ह म्हणतात त्याला. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक नळी शिल्लक ठेवतात. ऑपरेशनच्या दिवशी वजन १३१ किलो होतं. सहा महिन्यांत १०६ वर आलं, अकराव्या महिन्यात ९८. आणि तिथेच अडकलं. तीन महिने झाले, काटा ९८ च्या खाली यायला तयार नाही.

सिन्नरसारख्या गावात पत्रकाराचं वजन ही सार्वजनिक मालमत्ता असते. तहसील कचेरीत शिपायापासून नायब तहसीलदारापर्यंत सगळे विचारतात, "काय भाऊ, किती राहिले?" आधी आकडा सांगायला मजा यायची. मग एकाने तोंडावर ऐकवलं, "एवढे लाख घालून हे असं? त्यापेक्षा रोज पळाला असता तर!" हसून सोडून दिलं. पण घरी येऊन जेवलो नाही.

खरं सांगतो, त्यानंतर मी मूर्खपणा केला. दिवसभर ताक आणि पावडरच्या डब्यावर राहायला लागलो. अठराव्या दिवशी त्याच तहसीलच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसलो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही खाली गेलेले. आणि वजन? ९७.६. पुढच्या आठवड्यात परत ९८.

त्या दिवशी आई शेजारी बसली होती. ती सत्तरीची आहे. बहात्तरच्या दुष्काळात सोळा-सतरा वर्षांची असताना खडी फोडायला जायची. ती म्हणाली, "पयले तीन-चार महिने माणसं भराभर वाळली रे. मंग जी काया ऱ्हायली ती तशीच ऱ्हायली. त्याच सुकडीवर, त्याच मिलोच्या भाकरीवर वरीस ढकललं. अंगात काय नव्हतं, पण मेलो बी नाही."

आईला प्लॅटो हा शब्द माहीत नाही. पण तिने सांगितलं ते तेच होतं. मग मी पत्रकाराला जे जमतं ते केलं. वाचायला बसलो.

आधी आपल्याकडचा इतिहास. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारचा खर्च वाचवायला दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली. एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर. तेवढ्यावर दिवसभर दगड फोडायचे. मद्रासकडचे डॉक्टर कॉर्निश यांनी विरोध केला, आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. टेंपलसाहेबांचा समज असा की माणसाचं शरीर म्हणजे वही. आत एवढं, बाहेर एवढं, बाकी शून्य.

त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ. मग थेट बहात्तर. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. आपल्या सिन्नर-येवल्याच्या कुठल्याही जुन्या पाझर तलावावर गेलात तर गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस सांगेल, ही माती आम्ही वाहिली.

आता उपाशी शरीर नेमकं काय करतं, हे प्रयोगाने मोजलं गेलं ते १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शिकायचं होतं. पहिले काही आठवडे वजन झपाट्याने उतरलं. मग उतार मंदावत गेला आणि शेवटी जवळजवळ सपाट झाला. जेवण तेवढंच कमी होतं, पण शरीराने आपला खर्च छाटला होता. स्वस्थ पडून असताना लागणारी ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, डोक्यात दिवसरात्र जेवणाचेच विचार.

म्हणजे आई म्हणाली ते खरं. शरीर वही नाही. शरीर शेतकरी आहे. उत्पन्न घटलं की खर्च आवरतो, आणि पुढचा पाऊस कसाही पडो, थोडं बियाणं कोठीत दाबून ठेवतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे आठवतं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुष्काळामुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण आपल्या लोकांत तुलनेने कमी वजनातही साखर-बीपी का मागे लागते, याचा एक धागा तिथे सापडतो.

आता ऑपरेशनचा इतिहास. १९५४ मध्ये मिनेसोटातच क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून बाजूला ठेवायची पद्धत मांडली. वजन उतरायचं, पण यकृत आणि मूत्रपिंडाचे त्रास मागे लागायचे, म्हणून ती पुढे बंद पडली. १९६६ मध्ये आयोवाचे एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास केला. अल्सरसाठी जठर कापलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन व्हायला लागलं आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्याच्या थोडं जवळ आलं.

आपल्या गल्लीबोळांत हा विषय पोहोचला तो सप्टेंबर २०११ मध्ये. तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असलेल्या नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतलं. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं गेलं. ७ मार्चला ऑपरेशन झालं. आज किती किलो उतरले, ही रोजची बातमी होती. मग नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात त्या आकड्यांवरूनच वाद झाला, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबर २०१७ ला ती गेली. मीही तेव्हा त्या बातम्या लावल्या होत्या. मथळ्यात किलो टाकले की वाचक थांबतो, हे मला ठाऊक होतं. त्या पलंगावरच्या बाईला काय वाटत असेल, हे मी विचारलं नाही. आज लोक मला आकडा विचारतात तेव्हा ते आठवतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ४,०४७ लठ्ठ माणसांचा अभ्यास चालू झाला. निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं, निम्म्यांचं नाही. २००७ मध्ये त्याचे आकडे आले. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं, मग थोडं परत चढलं आणि दहा वर्षांनी २५ टक्के कमी या पातळीवर स्थिरावलं. इतर पद्धतींत उतार त्याहून कमी. पण सगळ्यांचा आलेख एकाच वळणाचा, आधी घसरण, मग सपाटी. आणि तरीही ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू कमी होते. १२९ विरुद्ध १०१.

मी कागद-पेन घेतलं. १३१ मधून ३३ गेले. २५ टक्के. ज्याला मी अपयश म्हणत होतो, तो त्या अभ्यासातल्या बायपासवाल्यांचा दहा वर्षांनंतरचा सरासरी आकडा आहे. माझं ऑपरेशन वेगळं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण त्या रात्री मी नीट जेवलो.

ज्यांचं ऑपरेशन झालंय किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी माझ्या डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं थोडक्यात लिहितो. पहिला थांबा बऱ्याच जणांना तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. सुरुवातीला साठवलेली साखर आणि तिने धरून ठेवलेलं पाणी जातं, मग शरीर पाण्याचा हिशोब लावतं. घाबरू नका. वर्ष-दीड वर्षाने येणारी सपाटी तर बहुतेकांना येते. तेव्हा जेवण तोडू नका. प्रथिनं दिवसाला निदान ६० ग्रॅम, झोप, चालणं आणि थोडं वजन उचलायचा व्यायाम, म्हणजे स्नायू टिकतात. काट्याबरोबर कमरेला टेप लावा. माझा काटा तीन महिने हलला नाही, पण पट्ट्याचं एक भोक आत गेलं.

आणि प्रामाणिकपणे आठवा. नळीएवढ्या जठरात मिसळीची प्लेट मावत नाही, पण उसाचा रस, गोड चहा आणि मूठमूठ शेव-चिवडा दिवसभर आरामात मावतो. माझे पत्रकार परिषदेतले चार चहा आणि बिस्किटं निघाली. थायरॉइड, चालू गोळ्या आणि रक्त डॉक्टरांकडून तपासून घ्या. गोळ्या-व्हिटॅमिन आयुष्यभर आहेत, ते विसरू नका.

शेवटचा मुद्दा सरकार आणि विमा कंपन्यांसाठी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनी बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असतील, तर या ऑपरेशनला दार उघडलं. चांगलं झालं. पण नंतरची वर्षानुवर्षांची रक्ततपासणी, व्हिटॅमिन आणि आहारतज्ज्ञाची फी बहुतेकांना खिशातूनच भरावी लागते. जो तालुक्यातून नाशिकला भाडं खर्चून जातो, तो पहिल्या सपाटीला निराश होऊन जाणं सोडतो आणि पावडरवाल्याच्या तावडीत सापडतो. मी सापडलो होतो. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी ठेवला तर किती खर्च येणार आहे?

टेंपलसाहेबांनी मजुराला धान्याच्या वजनात मोजलं. आपण आज एकमेकांना किलोत मोजतो. पुढच्या वेळी असं कुणी भेटलं तर "किती राहिले?" विचारू नका. "तब्येत कशी आहे?" एवढंच विचारा.

आज सकाळचं वजन ९८.१. साखर नॉर्मल. वडांगळी फाट्यापर्यंत चालून आलो आणि आईच्या हातची नाचणीची अर्धी भाकरी खाल्ली.

कुणाच्या घरी असा अडकलेला काटा असेल तर ही पोस्ट त्यांना पाठवा. आणि बहात्तरच्या कामावर गेलेलं कुणी घरात असेल, तर त्यांना आजच विचारून घ्या. कमेंटमध्ये लिहा, मी सगळं वाचतो.