कुंडीत उतरणारी माणसे

गणपतीत राजपुऱ्यातल्या आपल्या घरांत पुण्या-मुंबईचे, नागपूरचे पाहुणे येतात. आरती-प्रसाद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर प्रश्न येतो, "इथे बघण्यासारखे काय आहे?" आपले उत्तर ठरलेले असते: शाही किल्ला, असीरगड आणि लालबागकडचा कुंडी भंडारा. (भंडारा म्हटल्यावर पाहुण्यांना पंगत आठवते, तो गैरसमज आधी दूर करावा लागतो.) पाहुणे लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली जातात, गार पाण्यात पाय बुडवतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आरतीला परत येतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेली भाची मात्र वर आल्यावर गप्पच होती. मग म्हणाली, "मामा, या कुंड्या साफ कोण करतं?" चार पिढ्या बुऱ्हाणपुरात काढलेल्या आम्हाला याचे उत्तर देता आले नाही.

तिच्या प्रश्नामागे एक कारण होते. ती फिलिपिन्समधल्या इफुगाव प्रदेशात आठवडाभर राहून आली होती. तिथे डोंगर उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी भाताची खाचरे केलेली आहेत. युनेस्कोने १९९५ साली ती जागतिक वारसा यादीत घेतली आणि २००१ साली धोक्यातल्या वारशात टाकली, कारण तरुण पोरे शहरांकडे निघून गेली आणि बांध धरणारे हात कमी झाले. २०१२ साली ती धोक्याच्या यादीतून बाहेर आली. आता तिथे बाहेरगावचे लोक गावकऱ्यांच्या घरी राहतात आणि ढासळलेल्या बांधांसाठी दगड-माती वाहतात. ही खाचरे दोन हजार वर्षांची असे पूर्वी सांगत. अलीकडच्या उत्खननांवरून मात्र तिथली पाण्यातली भातशेती साधारण चारशे वर्षांची असावी असे दिसते, म्हणजे जवळजवळ आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या वयाची.

आपला भंडारा १६१५ सालचा. जहांगीर बादशहाच्या काळात दख्खनच्या मोहिमांचे ठाणे बुऱ्हाणपूर होते आणि इथला सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना, ज्याचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या तासाला पाठ केले. त्याच वर्षी इंग्रजांचा वकील सर टॉमस रो अजमेरला जाताना इथे थांबून शहजादा परवेझला भेटला. लष्कर, व्यापारी आणि बायकामुले यांनी फुगलेल्या या शहराला पाणी पाजायचे होते. तापी अगदी पायथ्याशी, पण शहराच्या मानाने खोल. मग इराणी जाणकार तबकुतुल अर्झ याच्या देखरेखीखाली उलटी दिशा धरली गेली. सातपुड्यात पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरून तापीकडे सरकते. ते वाटेतच अडवायचे.

उतारावर भूगर्भातले पाणी जमा होईल असे भंडारे खोदले. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली नावे. तिथून हलका उतार ठेवून बोगदे काढले आणि साधारण वीस-वीस मीटरवर जमिनीपर्यंत उभ्या विहिरी घेतल्या, त्याच कुंड्या. पाणी आपल्या वजनाने जाली कारंजापर्यंत येई आणि तिथून नळांनी वस्त्यांत जाई. रहाट नाही, बैल नाही, पंप तर नाहीच. एकूण आठ व्यवस्था बांधल्या गेल्या. 'खुनी' या नावाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. कोणी पाण्याच्या लालसर झाकेकडे बोट दाखवतो, कोणी म्हणतो कुंडीचेच खुनी झाले. आम्हाला दुसरे पटते.

शंभरावर असलेल्या त्या कुंड्या कशासाठी? खोदताना माती वर काढायला, आत हवा खेळायला, पाणी शेंदायला. आणि काम संपल्यावर माणसाला खाली उतरून गाळ काढता यावा म्हणून. म्हणजे बांधणाऱ्याने सफाई करणाऱ्यासाठी दर वीस मीटरवर दार ठेवले होते. रहीमचे नाव राहिले, त्या इराणी जाणकाराचेही राहिले. चारशे वर्षे दोर धरून खाली उतरलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

इथे आपल्याबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. बुऱ्हाणपूरचा मराठी इतिहास सांगताना आपण १६८१ सालच्या संभाजीराजांच्या काळातल्या बहादरपुरावरच्या छाप्यापासून सुरू करतो, १७६० साली उदगीरच्या विजयानंतर शहर पेशव्यांकडे आले तिथे छाती फुगवतो, शिंद्यांचे नाव घेतो आणि थांबतो. भंडारा 'मोगलांचा' म्हणून बाजूला राहतो. पण पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या माणसांनी कोणते पाणी प्यायले? १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, त्या दिवसांतही आमच्या आजीच्या तोंडी 'भंडाऱ्याचं पाणी' हा शब्द होता. डाळ त्याच पाण्यात शिजते, हे तिचे मत शेवटपर्यंत बदलले नाही.

शिवाय ही विद्या एका बाजूची नव्हतीच. याच रहीमचा वैरी, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, याने त्याच सुमारास खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी आणली. तीही जमिनीखालून, अशाच उभ्या विहिरींची. रणात एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेतले निघाले.

मार्च २०२४ मध्ये खुनी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले. आनंदच आहे. पाहुणे वाढतील. काही जण भाचीसारखे "आम्ही काय करू?" असेही विचारतील. तेव्हा त्यांच्या हाती फावडे देण्यापूर्वी थांबावे, असे आम्हाला वाटते. इथल्या पाण्यात चुना आहे. तो बोगद्याच्या भिंतींवर थर धरतो आणि वाट अरुंद होते. हौशी माणसाने छिन्नी घेऊन तो खरवडला तर मागचा कच्चा थरही सुटू शकतो. बंद बोगद्यात हवा कमी पडते, ती जोखीम वेगळीच. आत उतरणे हे जाणकारांचे काम.

बाहेरच्या हातांना काम कसे द्यावे याचा धडा महाराष्ट्रातच आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ सालच्या महाराष्ट्र दिनी शहरांतले जलमित्र मोठ्या संख्येने गावांत श्रमदानाला गेले. पण त्याआधी गावातली माणसे प्रशिक्षण घेऊन आली होती. चर कुठे, किती खोल, हे गाव ठरवत होते. पाहुणा फक्त खणत होता.

आपल्याकडे ते 'गाव' आपण व्हायला हवे. त्यात मराठी घरांबरोबर लालबागच्या वस्त्या आल्या, कुंड्यांशेजारचे केळीवाले शेतकरी आले, आणि आजवर ज्यांना विचारलेच नाही ते सफाईचे अनुभवी हात तर आधी आले. कुंड्यांची ओळ शेतांतून, रस्त्यांच्या कडेने जाते. त्यांची तोंडे उघडी राहिली की कचरा सरळ पिण्याच्या पाण्यात. वर मुरणक्षेत्रात झाडे कमी आणि कूपनलिका जास्त. तोंडांभोवतीची सफाई, प्रत्येक कुंडीची नोंद आणि फोटो, डोंगराकडे पावसाळ्याआधी झाडे, ही कामे जमिनीवरची आहेत. ती शाळकरी पोरालाही जमतात.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काही घरे जाली कारंजापासून निघून कुंड्या मोजत भंडाऱ्यापर्यंत चालणार आहोत. वही, मोजपट्टी आणि रिकामी पोती बरोबर असतील. तोंडांभोवतीचा कचरा उचलायचा तर आधी संबंधित खात्याची लेखी परवानगी हवी, तो अर्ज लिहून झाला आहे. ती वेळेवर नाही मिळाली तर त्या दिवशी नुसती मोजणी करू. भाची मुंबईहून येते म्हणाली आहे, आणि तिच्या दोन मैत्रिणींची झोपायची सोय वरच्या खोलीत केली आहे.