कोलंबिया : चीर ते चुराडा

(वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या. भारतातलं घड्याळ साडेदहा तास पुढे.)

१६ जानेवारी २००३, सकाळी १०.३९
केनेडी अवकाश केंद्रावरून कोलंबिया हे अवकाश शटल झेपावलं. आत सात जण. त्यांत कर्नालची कल्पना चावला.

१०.४०
उड्डाणाला ८२ सेकंदही झाली नव्हती. इंधनटाकीवरचा पाऊण किलोचा फोमचा तुकडा सुटला आणि ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला.

ही कड कार्बनचे तंतू कार्बनमध्येच बांधून केलेली, वर सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर. धार लावायच्या चाकात असतं तेच हे कार्बोरंडम. १,६०० अंशांची धग ते सोसतं, ठोसा सोसत नाही. तांब्या पडला तर पोचा येतो, चिनी मातीची बशी फुटते. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि आघात जिरतो. सिलिकॉन कार्बाइडमधले बंध इतके ताठ, की सरकायला वावच नसतो; ताण बारीकशा चिरेच्या टोकाशी साठतो आणि चीर धावत सुटते. आतले तंतू तिचे दोन्ही काठ धरून ठेवतात, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यातून लेप आणि गाभा निवताना कमीजास्त आकसतात, म्हणून लेपात घडणीपासूनच सूक्ष्म चिरा असतात.

१७ ते ३१ जानेवारी
दुसऱ्याच दिवशी यानापासून दूर जाणारा एक तुकडा रडारने टिपला. ती नोंद अपघातानंतर तपासली गेली. धडक मात्र चित्रफितीत दिसली होती. पंखाची छायाचित्रं काढून घ्या, असं अभियंते पुन्हा पुन्हा सांगत होते. वरिष्ठांनी ते पुढे जाऊ दिलं नाही. हलका फोम एवढ्या टणक कडेचं काय बिघडवणार, ही समजूत. या पंधरवड्याचा मला आजही संताप येतो.

१ फेब्रुवारी, ८.१५
कक्षा सोडण्यासाठी इंजिनं पेटली.

८.४४
उंची १२२ किलोमीटर. वातावरणात प्रवेश.

८.४८
डाव्या पंखाच्या आतल्या तुळईवर नेहमीपेक्षा जास्त ताण. नोंद फक्त यानातल्या रेकॉर्डरवर. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला पत्ता नाही.

८.५३
खाली कॅलिफोर्निया. कडेच्या भगदाडातून तप्त वायू आत शिरलेला, ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळतोय. यानातून काहीतरी गळताना जमिनीवरून दिसतंय.

८.५४
डाव्या पंखातले चार तापमापक बंद पडल्याचं ह्यूस्टनच्या लक्षात आलं.

८.५९
कमांडर रिक हस्बंड यांचं उत्तर मध्येच तुटलं.

९.००
टेक्सासच्या आकाशात यान फुटलं. सातही जण गेले. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

९.१६
ही उतरण्याची वेळ होती.

७ जुलै २००३
अपघाताच्या तपासासाठी सॅन अँटोनियोत तसाच फोम तशाच कडेवर तोफेने डागला. सुमारे ४० सेंटीमीटरचं भगदाड पडलं.

शटल २००५ मध्ये पुन्हा उडू लागलं, तेव्हा कक्षेत पोचल्यावर पंखांच्या कडा लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने तपासणं सक्तीचं झालं. कोलंबियाच्या वेळी अभियंत्यांनी मागितली होती, तीही पंखाची छायाचित्रंच.