मॅकॉले, डेव्हिड

(२ डिसेंबर १९४६– ). मुलांसाठी वास्तुरचनेवर सचित्र पुस्तके लिहिणारे ब्रिटिश-अमेरिकन लेखक व चित्रकार. जन्म इंग्लंडमधील बर्टन येथे. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या संस्थेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. *कथीड्रल* (१९७३) या पुस्तकात एका काल्पनिक फ्रेंच गावातील गॉथिक चर्चची उभारणी पायाच्या खोदाईपासून दाखविली आहे. चुना घट्ट होईपर्यंत कमानीचे दगड लाकडी साच्यावर कसे पेलले जात, हे शाईच्या रेखाचित्रांतून उलगडते. त्यानंतर *सिटी* (१९७४), *पिरॅमिड* (१९७५), *कॅसल* (१९७७) व *मॉस्क* (२००३) ही पुस्तके आली. *अनबिल्डिंग* (१९८०) मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग मजल्यामजल्याने उतरविण्याची कल्पित हकिकत आहे. *ब्लॅक अँड व्हाइट* या चित्रपुस्तकासाठी त्यांना १९९१ मध्ये कॅल्डेकॉट पदक मिळाले.